तीन रंगांचे दोरे

लाल दोरा थोरल्याचा, निळा मधल्याचा, हिरवा धाकट्याचा. दर महिन्याच्या सुरुवातीला अक्का दुकानाच्या मागच्या खोलीत बसून या तीन दोऱ्यांनी पिशव्यांची तोंडं शिवत असे. इतकी वर्षं हे चाललं होतं की सुई आता डोळे मिटूनही सरळ गेली असती. समोर पोतं मात्र एकच. त्यातून दाजी मापानं करडी पावडर काढत आणि एकामागून एक तिन्ही पिशव्या भरत.

"अहो, हिरवा दोरा संपत आला," अक्का म्हणाली.

"मग पिवळा चालेल का, विचार धाकट्याला."

"काय म्हणून विचारू? बाबा रे, तुझ्या गुपिताचा रंग बदलतोय म्हणून?"

दाजी हसले. पेंड, भुसा आणि ही करडी पावडर, म्हणजे गुरांचं मिनरल मिक्श्चर, विकणारा हा दुकानदार मुळात फक्त अक्काच्या तीन भावांचा दाजी होता, पण भावांचं ऐकून अख्खी गल्लीच त्याला दाजी म्हणू लागली होती. माणूस गोड. नाही म्हणणं त्याच्या जिभेला कधी जमलंच नाही, आणि ह्या तीन पिशव्यांची सगळी भानगड त्यातूनच उभी राहिली होती.

वडील गेले आणि भावांनी गोठ्याची वाटणी केली. एका लांबलचक गोठ्यात दोन भिंती उभ्या राहिल्या. वाटणीत भांडण झालं ते नेमकं कशावरून, हे आता तिघंही तीन तऱ्हांनी सांगत. पण भिंतींचा चुना वाळायच्या आत थोरला दुकानात आला आणि म्हणाला, "दाजी, मधल्याच्या गव्हाणीत पडतं ते माझ्या गव्हाणीत पडता कामा नये." दुसऱ्या दिवशी मधला आला. त्याला थोरल्याचं नको होतं. धाकट्याला दोघांचंही नको होतं. दुकानात पावडर तर एकाच प्रकारची. दाजींनी रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी तिघांना वेगवेगळं गाठून सांगितलं, "हे खास तुझ्यासाठी मागवलंय. बाकीच्यांना बोलू नकोस." तिघांच्याही चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मग खरं सांगायची सोयच उरली नाही.

शेवटचा टाका घालून अक्कानं दोरा दातानं तोडला, तेवढ्यात फोन वाजला. मधल्याची मुलगी होती. ती गुरांची डॉक्टर, म्हणून घरात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. बोलायला लागली की समोरच्यानं श्वास घ्यायचा तो तिच्या स्वल्पविरामात.

"आत्या, आज दुपारी सगळे तुझ्याकडे जमतोय. ट्रकचं जवळजवळ ठरलंय! कारखानदार तयार झाला. चांगलं, तपासलेलं मिनरल, आणि भाव ऐकशील तर खाली बसशील. पण पूर्ण ट्रक घेतला तरच. गल्लीतल्या सगळ्या गोठेवाल्यांना मी गोळा केलंय. आता फक्त आपली तीन घरं राहिलीत, आणि सगळ्यांत जास्त जनावरं आपल्याकडेच. आपण नाही म्हटलं तर ट्रक भरत नाही. त्याला संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"अगं, पण आमच्याकडे कशाला?"

"तिघं एका छताखाली तुझ्याच घरी येतात ना? आणि हो, तिघांनाही सांगितलंय, सध्या जी पावडर घालता ती बरोबर घेऊन या. शेजारी शेजारी ठेवून बघू. चल, ठेवते, एक गाय अडलीय."

फोन बंद झाला. अक्कानं दाजींकडे पाहिलं. दाजींनी पोत्याकडे पाहिलं.

"शेजारी शेजारी?" त्यांनी विचारलं.

"शेजारी शेजारी."

दाजी पेंडीच्या थप्पीवर मटकन बसले. "संपलं. ट्रक आला तर धंदा जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण आता अब्रूही जाणार. तुझे भाऊ मला उभा चिरतील."

"तुम्हाला चिरतील, आणि मला काय पाट मांडतील? टाके माझे आहेत."

ती उठली आणि मागच्या अंगणात गेली. तिथं तिची एकुलती एक कालवड खुंट्याशी उभी राहून भिंत चाटत होती. कालवड मोठी देखणी होती, पण तीनदा उलटली होती, गाभच धरत नव्हती. दरवेळी आशा लागायची आणि दरवेळी पुन्हा माजावर यायची. तिच्या गव्हाणीतही त्याच पोत्याच्या तळातली पावडर पडत होती. ती पावडर हलकी आहे हे अक्काला ठाऊक होतं. दाजींनाही ठाऊक होतं. पण चांगला माल मागवायचा तर एकदम भरपूर मागवावा लागतो, आणि तीन रुसक्या भावांच्या जिवावर भरपूर माल कोण मागवणार?

तिनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. ट्रक आला नाही तर हिचं काही खरं नव्हतं. ट्रक आला तर दुकानाचं निम्मं पोट जाणार होतं. आणि त्या तीन पिशव्यांचं बिंग फुटलं तर तिचं माहेर जाणार होतं. भाऊ एकमेकांशी बोलत नसले तरी तिच्याशी बोलत होते. भिंती घातल्यापासून ते घर तिच्या एकटीच्या जिभेवर उभं होतं, आणि ह्या विचारानं तिला आत कुठंतरी चांगलंच भरून आलं. मग कालवडीनं तिचा पदर चघळायला घेतला आणि तिला हसू आलं.

*

दुपारी तिघंही आले, आणि अर्थातच वेगवेगळे आले. थोरल्यानं त्याची पिशवी शर्टाच्या आत पोटाशी लपवली होती, त्यामुळे आधीच मोठं असलेलं पोट आता बोलायला लागेल की काय असं वाटत होतं. मधल्यानं जेवणाच्या डब्यातून आणली होती. धाकट्यानं टॉवेलात गुंडाळून ती मांडीवर तान्ह्या बाळासारखी घेतली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. थोरला खिडकीशी, मधला दाराशी, धाकटा कपाटाला टेकून, आणि मधोमध अक्का, कारण सगळं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं.

"अक्का," थोरला म्हणाला, "त्याला सांग, त्याच्या गायींनी चाटून चाटून भिंत पातळ केलीय. माझ्या बाजूनं आता उजेड दिसतो."

मधला दोन हातांवरच बसला होता. "अक्का, त्याला सांग, चाटतात त्याच्या गायी. माझ्या गायी चांगल्या वळणाच्या आहेत."

"अक्का, दोघांनाही सांग," धाकटा म्हणाला, "माझ्याकडची भिंतही गेलीय, आणि चुना मीच लावतोय."

"कुणीच कुणाला काही सांगायला नको," डॉक्टरीण हात पुसत आत आली. "तिन्हीकडच्या गायी चाटतात. त्यांना खनिजं कमी पडतायत म्हणून त्या चुना, माती, चिंध्या, जे मिळेल ते खातात. अशाच चाटत राहिल्या तर दोन वर्षांत तुमची वाटणी गायीच मोडतील."

चहाचे कप घेऊन येणारे दाजी हसले, पण दुसरं कुणीच हसत नाही हे बघून त्यांनी ते हसू खोकल्यात घातलं.

"माझ्या गायींना काही कमी नाही," थोरला म्हणाला. "मी त्यांना जे घालतो ते ह्या घरात दुसऱ्या कुणाकडे नाही. ट्रकचं सोंग मला नको. सगळ्यांच्या गायी एकच खाणार? मग माझं वेगळं काय राहिलं?"

"अक्का, त्याला सांग, वेगळं माझ्याकडे आहे," मधला म्हणाला.

धाकट्यानं टॉवेल फक्त जरा जवळ ओढला.

"उत्तम," डॉक्टरीण म्हणाली. "मग काढा. आत्या, तीन वाट्या दे."

अक्का स्वयंपाकघरात गेली. एक क्षण तिला वाटलं, वाट्याच नाहीत असं सांगावं. पण जिच्या घरात वाट्या नाहीत अशी बाई अजून जन्माला यायची होती. तिनं तीन सारख्या वाट्या आणून जमिनीवर पसरलेल्या कागदावर ठेवल्या.

थोरल्यानं शर्टाची बटणं सोडली. मधल्यानं डबा उघडला. धाकट्यानं बाळ उलगडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आज तीन मुठी एकदम उघडत होत्या. डॉक्टरणीनं प्रत्येक पिशवीतून वाटीभर पावडर ओतून घेतली आणि वाट्या ओळीनं मांडल्या.

करडी, करडी आणि करडी.

डॉक्टरणीनं चिमटीत घेऊन पाहिली, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली. मग भुवया वर चढवून आत्याकडे पाहिलं. पोरगी हुशार होती, काय ते उमगली आणि बोटं कागदाला पुसत बसली.

थोरला मात्र पेटला. "अक्का! त्याला विचार, माझी पावडर त्याला कुणी सांगितली?"

"अक्का, त्याला विचार, माझी त्याला कुणी सांगितली?"

"माझी दोघांनी चोरली!" धाकटा रडवेला होऊन म्हणाला. चाळिशीचा बाप्या, पण शेंडेफळ ते शेंडेफळच.

मधल्यानं आता रिकामी होत आलेली पिशवी उचलून बघितली. तिच्या तोंडाशी निळा दोरा लोंबत होता. त्यानं थोरल्याच्या पिशवीकडे पाहिलं, मग धाकट्याच्या. टाके सारखे होते. दोन जवळ, एक लांब, आणि शेवटी दुहेरी गाठ. लहानपणी ह्याच टाक्यांनी त्यांच्या फाटलेल्या चड्ड्या शिवल्या जात. असा टाका घालणारी बाई जगात एकच होती.

तिघांनी एकदम अक्काकडे पाहिलं.

"मीच केलं," दाजी पुढे झाले. "तिचा काही दोष नाही. मी सांगितलं तसं ती..."

"तुम्ही चहा द्या," अक्का म्हणाली. "मी शिवल्यात. डोळे उघडे ठेवून शिवल्यात. पावडर एकाच पोत्यातली आहे, पहिल्यापासून."

थोरल्याचा चेहरा हळूहळू लाल झाला, त्याच्या दोऱ्यासारखा.

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?"

"फसवलं? कोण आलं होतं दुकानात, त्याच्या गव्हाणीतलं मला नको म्हणून? मी आले होते?" अक्काचा आवाज चढला आणि मग तो खाली येईना. "एकाला एकाचं नको, दुसऱ्याला दुसऱ्याचं नको. ह्या माणसानं काय तीन कारखाने काढायचे होते? एकत्र घेतलं असतं तर ह्यांनी चांगला माल आणला असता. तुम्ही एकेक पिशवी मागता, म्हणून हलका माल येतो, आणि तोही महाग पडतो. माझी कालवड तीनदा उलटली ती कुणामुळे? तुमच्या रुसव्यांमुळे! आणि माझ्याही. मी दोरे आणत बसले, तोंड उघडलं नाही, कारण मला भीती वाटायची. तुम्ही माझ्याकडे यायचे बंद झालात तर मी कुणाकडे जाऊ?"

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. ते निघून गेलं आणि आता परत घेता येण्यासारखं नव्हतं.

"एक मजा आहे पण," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "मी वर्षभर घसा कोरडा करतेय, एकत्र खरेदी करा म्हणून. तुम्ही तर एकत्रच खरेदी करताय. फक्त स्वस्त तेवढं पडत नाहीये."

धाकटा फिसकन हसला. थोरला उठला.

"हसा. मला ट्रक नको आणि दुकानही नको. मी चाललो." तो शर्टाची बटणं लावू लागला आणि चुकीच्या काजात चुकीची बटणं लावत दाराकडे वळला.

डॉक्टरणीनं डोळे मिटले. थोरल्याची जनावरं गेली तर ट्रक गेलाच. हा दारातून बाहेर गेला की तिसरी भिंत उभी राहील, आणि ती दोन गोठ्यांच्या मध्ये नाही, अक्काच्या आणि त्याच्या मध्ये. पण पाय धरून थांबवायला तो काही परका नव्हता. तो तिचा धाकटा भाऊ होता, थोरला म्हणत असले म्हणून काय झालं? तिनं त्याचं नाक पुसलं होतं.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "पण तुझं घेऊन जा. माझ्या घरात कुणाचं काही ठेवायचं नाही. तुझी वाटी उचल."

थोरला वळला. वाट्यांकडे आला. वाकला. हात पुढे केला आणि तो तसाच थबकला. एका वाटीचा वास घेतला. दुसरीत बोट फिरवलं. मग मोठ्या खात्रीनं मधली वाटी उचलली.

"अरे, ती माझी आहे!" मधला ओरडला.

"तुझी कशावरून?"

"मी बघितलं ना ओतताना! तुझी ती कडेची!"

"कडेची धाकट्याची आहे! मला शिकवतोस? मी रोज हातानं घालतो, मला माझी पावडर ओळखू येणार नाही?"

"पावडर एकच आहे, थोरल्या! तू काय ओळखणार, तुझं डोकं?"

"माझं डोकं काढू नकोस! वाटणीच्या वेळीही तू असंच..."

"अरे," कपाटाशी बसलेला धाकटा म्हणाला, "तुम्ही बोलताय."

दोघंही तोंड उघडं ठेवून थांबले. वाटी दोघांच्या हातात होती आणि अक्का त्यांच्या मध्ये नव्हती. ती बाजूला भिंतीला टेकून उभी होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी काही सांगायला सांगत नव्हतं.

थोरल्यानं वाटी खाली ठेवली. मधल्यानं उगाचच ती जरा सरळ केली. पुढचं वाक्य कुणी बोलायचं हे कुणालाच कळेना, तेव्हा दाजींनी जे त्यांना येत होतं ते केलं. त्यांनी चहा पुढे धरला.

"गार झाला असेल," ते म्हणाले.

"होऊ दे," थोरला म्हणाला आणि खाली बसला. खिडकीशी नाही, जिथं उभा होता तिथंच, कागदाच्या कडेला. मग डॉक्टरणीकडे न बघता त्यानं विचारलं, "ह्या ट्रकातल्या मालात खोट निघाली तर?"

"प्रत्येक खेपेचा नमुना तपासायला पाठवायचा. खोट निघाली तर माल परत. एकट्या गिऱ्हाईकाला कुणी भीक घालत नाही, पण सगळी गल्ली मागं उभी असली की कारखानदार फोन उचलतो."

"ट्रक उतरवणार कुठं?" मधल्यानं विचारलं. "माझ्या दारात नको. ह्या बैलानं... म्हणजे, ह्यानं अंगणात भुसा टाकलाय."

"माझ्या भुशाला काय झालं?"

"दाजींच्या गोदामात," अक्का म्हणाली. सगळे तिच्याकडे बघू लागले तरी ती दाजींकडे बघत होती. "कोरडी जागा आहे, काटा आहे, आणि माप ह्यांच्याइतकं कुणाचं चोख नाही. उतरवून घ्यायचं, तोलून द्यायचं. त्याची हमाली दुकानाला द्या."

दाजींना हे ऐकून जरा लागलं. उभ्या आयुष्याचा दुकानदार, आता काय मेहुण्यांचा गोदामवाला? डॉक्टरणीनं ते ओळखलं. "काका, गल्लीतला प्रत्येकजण दर महिन्याला तुमच्या दारात येईल," ती म्हणाली. "पावडर नेताना पेंड घेतल्याशिवाय जाईल का?"

दाजींनी मनात थोडा हिशेब केला. "पाटी मात्र माझीच राहील," ते म्हणाले.

"पाटी तुमचीच. आणि दाजी," थोरल्यानं चहाचा घोट घेतला, "तुम्ही खोटं बोललात हे मी विसरणार नाही."

"नको विसरू. पण माप कधी कमी भरलं का?"

थोरल्यानं बराच विचार केला. "नाही," तो शेवटी नाइलाजानं म्हणाला.

*

ट्रक आला तेव्हा गल्लीचं तोंड पार बुजून गेलं. तिन्ही भाऊ आपापल्या हातगाड्या घेऊन उभे होते आणि पोतं कसं उचलायचं यावर एकमेकांना उपदेश करत होते. भिंती अजून होत्या. वाटणीही होती. मधला थोरल्याशी बोलायचा तो अजून निम्मा वेळ भांडायलाच. पण अक्कानं सगळं ऐकलं आणि तिला ते फार गोड लागलं, कारण ह्यातला एकही शब्द तिला उचलून इकडून तिकडे न्यायचा नव्हता.

डॉक्टरीण पोत्यांच्या थप्पीवर चढून सगळ्यांना बजावत होती. रोज ठरल्या मापानं घालायचं, खंड पाडायचा नाही, आणि उद्या सकाळी चमत्कार दिसला नाही म्हणून मला फोन करायचा नाही. अक्कानं आपल्या कालवडीसाठी पहिली ओंजळ काढली होती. ती भिजवलेल्या आंबोणात मिसळून दिल्यावर कालवडीनं गव्हाण साफ केली आणि पुन्हा सवयीनं भिंतीकडे वळली. लागेल वेळ, अक्का तिला म्हणाली, मलाही लागला.

नवी पोती यंत्रावर शिवलेली होती. सगळ्यांना एकसारखा पांढरा दोरा. मागच्या खोलीतला दोऱ्यांचा डबा आता रिकामाच पडून राहणार होता. अक्कानं तो आवरायला उघडला, तेवढ्यात मागच्या दारातून थोरला आत आला. खांद्यावर एक पोतं होतं. बाकीची त्यानं हातगाडीवर ठेवली होती, हे एकच आत आणलं होतं.

"काय रे? फाटलं का?"

"नाही."

"मग? कमी भरलं?"

"नाही गं." त्यानं पोतं तिच्यासमोर ठेवलं आणि दाराकडे वळून कुणी बघत नाही याची खात्री केली. मग त्यानं पोत्याच्या तोंडावर हात ठेवला. "ह्याला तेवढे दोन टाके घाल. लाल."

"कशाला? माल तोच आहे. सगळ्यांचा एकच."

"ते कळलं मला. अख्ख्या गल्लीला कळलं." तो जमिनीकडे बघत राहिला. पोटाशी पिशवी लपवून आणणारा तो मोठा माणूस आता हात कुठं ठेवावेत ते न कळून उभा होता. "पण दोरा नसला की ते दुकानातून आल्यासारखं वाटतं. तुझ्याकडून आल्यासारखं वाटत नाही."

अक्कानं सुई घेतली, पण दोरा काही केल्या नेढ्यात जाईना, कारण समोरचं सगळं धूसर झालं होतं. शेवटी थोरल्यानंच तिच्या हातून सुई घेतली, दोरा ओवून दिला, आणि ती टाके घालीपर्यंत तो तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला.

तिनं दोन जवळ आणि एक लांब असा टाका घालून दुहेरी गाठ मारली. तो पोतं उचलून गेला आणि ती डबा बंद करणार, तेवढ्यात मागच्या दारात मधला उभा होता. त्याच्याही खांद्यावर एक पोतं होतं, आणि त्याच्या मागं, टॉवेल डोक्यावर टाकून, धाकटा.

"आधी माझं," धाकटा म्हणाला.